मला कायबी झालेलं न्हाई

माधवनगर, सांगली
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

शिरसाष्टांग नमस्कार वगैरे आज लिहीत नाही. रागात आहे, म्हणून सरळ मुद्द्यावर येते. रविवारी शिवांजलीचा साखरपुडा झाला आणि तिचा सख्खा, एकुलता एक मामा आला नाही.

मुलाकडची माणसं विचारत होती, "मामा दिसत नाहीत?" एकाला मी सांगितलं, वाटेत आहेत. दुसऱ्याला सांगितलं, गाडी बंद पडली. तिसऱ्याला सांगितलं, ताप आलाय. ते तिघं जेवायला शेजारी शेजारी बसले. पुढचं तू समजून घे. यांनी घरी आल्यावर विचारलं, "तुझ्या भावाला नेमकं झालंय तरी काय?" तेच आता तुला विचारते आहे.

फोन का उचलत नाहीस? दिवाळीपासून हेच चाललंय. वहिनीला लावला की ती म्हणते, "झोपल्यात." सकाळी अकराला झोपलाय, संध्याकाळी सहाला झोपलाय. तीस वर्षं जावळी तालुक्यात कुणाची गाय अडली, कुणाची म्हैस फुगली, तर हातातला घास टाकून डोंगर चढणारा पशुधन पर्यवेक्षक तू. निवृत्तीला दोन वर्षं झाली नाहीत तोवर माणूस एवढा आळशी होतो?

आमंत्रणाला मी स्वतः आले नाही याचा राग असेल तर तसं सांग. शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेचं काम होतं, मला सुट्टी मिळाली नाही. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिलंय. ते तरी उघड.

संयोगिता


मेढा
१९ फेब्रुवारी

संयू,

पत्र मिळालं. फोन मीच बंद करून ट्रंकेत ठेवलाय. वाजला की छातीत धडधडतं. उचलला की लोक इचारत्यात, "काय चाललंय?" काय चाललंय म्हणून सांगू? कायबी चाललेलं न्हाई. त्यापरास पत्र बरं, त्याला लगेच तोंड द्यावं लागत न्हाई. मी बोलतो तसाच लिवतो. तू मास्तरीण हायस, लाल पेन घेऊन बसू नकोस.

साखरपुड्याला यायचं ठरलं हुतं. भामानं कापडं इस्त्री करून ठेवली हुती. पँट कमरेत राहीना, म्हणून पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. मग कॉटवर बसलो बूट घालायला. एक घातला. दुसरा काय घालवंना. भामा दारात उभी, "आवं, एसटी जाईल." एसटी गेली. दुपार हुईस्तवर मी एक बूट घालून तसाच बसलो हुतो. यात तुझं कायबी चुकलेलं न्हाई. लोकांना सांग, गुडघा धरला हुता.

मला कायबी झालेलं न्हाई. सगळे उगाच मागं लागल्यात. भामा एका देवऋष्याकडं घेऊन गेली, त्यानं लिंबू उतरवला. मग औंधाच्या यमाईला नवस बोलली. गावातल्या डॉक्टरनं ताकदीची सुई दिली. शेजारचा आकाराम रोज येतो आन म्हणतो, "गड्या, मन रमीव." कशात रमवू, त्ये काय सांगत न्हाई. चा पिऊन जातो. भामा चमचा हलवते त्याचा आवाज सुदिक मला सोसंना झालाय आन ह्यो म्हणतो, मन रमीव.

शिवांजलीला आशीर्वाद.

दादा


माधवनगर
२४ फेब्रुवारी

दादा,

एक बूट घालून माणूस दुपारपर्यंत बसतो? हे पत्रात वाचून मी पहिल्यांदा हसले आणि मग मला संताप आला. अरे, दुसरा बूट घालायला लागतो किती वेळ? तिकडे तुझी भाची दाराकडे बघत होती.

तुला काम नाही, हे तुझं दुखणं आहे. आमच्या शाळेत निवृत्त झालेल्या प्रत्येक गुरुजींचं हेच होतं. सोबत वेळापत्रक पाठवते आहे. सहा वाजता उठणे, वेण्णेच्या काठाने चालणे, बारा सूर्यनमस्कार, न्याहरी, गोठा, वर्तमानपत्र, दुपारी वामकुक्षी फक्त अर्धा तास. संध्याकाळी आकारामकडे तू जायचं, तो नेहमी तुझ्याकडे येतो. पंधरा दिवस हे मनापासून कर आणि मग मला सांग.

मन घट्ट कर. आपले आबा साठीत तालमीतली पोरं झोपवत होते. तू त्यांचाच मुलगा ना?

संयोगिता


मेढा
६ मार्च

संयू,

येळापत्रक भिंतीला लावलं. पयल्याच वळीत सहाला उठणे लिवलंय. मी तीनलाच जागा असतो. वामकुक्षीपत्तोर वाचत गेलो आन मला रडू आलं. भामानं बघितलं न्हाई.

आता जरा कामाचं सांगतो, नीट वाच. पेन्शनची आन घराची कागदं कपाटात वरच्या खणात निळ्या पिशवीत हायत. भामाला बँकेतलं कळत न्हाई, तिला संगं घेऊन जात जा. खालच्या रानात तुझा हक्क हाय, त्यो तुझ्या नावावर करून घे, मी अर्जावर सही करून ठेवलीय. दोन्ही म्हशी आकारामला दिल्या. मला आता धारंला बसवत न्हाई.

ती वरच्या वाडीतल्या धुळाची आजारी कालवड तुला आठवत नसंल. पंधरा वर्सं झाली. सकाळी जायचं ते मी दुपारी गेलो आन ती गेली. धुळानं उलट मलाच पाणी दिलं. हल्ली रोज तीच दिसती. माझ्यामुळं सगळ्यांनाच तरास झालाय. आता भामाला बी जरा सुटल्यागत हुईल.

तू लय केलंस माझं. शिवांजलीचं लगीन चांगलं कर.

दादा


माधवनगर
१० मार्च

दादा,

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. जमिनीत वाटा मी कधी मागितला? एकदा तरी तोंडातून काढला? साखरपुड्यावरून मी दोन शब्द बोलले, तर तू लगेच अर्जावर सही करून माझ्या तोंडावर मारतोस? म्हणजे उद्या गावात सांगायला मोकळा, की बहिणीला वाटा हवा होता म्हणून ती भांडली.

आणि म्हशी देऊन टाकल्यास! वहिनीला विचारलंस? तिच्या हातच्या होत्या त्या. कपाटातला खण, निळी पिशवी, हे सगळं मला कशाला सांगतोस, तू काय परदेशी निघालास? "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं लिहून मला रडवायचं ठरवलं असशील तर मी रडणार नाही.

लग्न अठरा मे. मामा म्हणून उभा राहायचं असेल तर ये. नाहीतर तेही तिथेच एका अर्जावर लिहून दे.

पत्र आत्ताच पेटीत टाकते आहे, म्हणजे नंतर मन बदलायला नको.

संयोगिता


मेढा
३० मार्च

संयू,

तू पंधरा दिस राहून गेलीस, पण आल्या दिवशीचं आपण नंतर काय बोललो न्हाई. तू हुतीस तवा मला बोलवत नव्हतं. आता लिवतो.

तू एसटीतनं उतरून आलीस तवा मी ओट्यावर बसलो हुतो. तुझ्या पायात घरातली चप्पल, खांद्याला शाळंची पिशवी. मला वाटलं, आली भांडायला. भामानं पाणी आणलं, ते तू घेतलं न्हाईस. तिला म्हणालीस, "वहिनी, तू जरा आत जा." आन माझ्याजवळ बसून इचारलंस, "दादा, तुझ्या मनात मरणाचं येतं का?"

चार महिन्यात मला कुणी असं सरळ इचारलं नव्हतं. सगळे जेवलास का, झोपलास का, येवढंच इचारत्यात. मी म्हणलं, "येतं." मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. तू म्हणालीस, "कवापासनं?" मी म्हणलं, दिवाळीपासनं. तू म्हणालीस, "कसं करायचं तेबी ठरवलंस?" मी मान हलवली. मग तू लय रडलीस, आन रडता रडताच पिशवीनं माझ्या खांद्यावर दोन हाणल्यास. तुला आठवतंय का न्हाई, पुस्तकं हुती पिशवीत. खांदा आठ दिस दुखत हुता.

त्याच दिवशी माझी जनावरांच्या औषधांची पेटी आन फवारणीचं सगळं तू आकारामच्या घरी कुलपात ठेवलंस. मला राग आला हुता. आता वाटतं, बरं केलंस.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. मी तुला एसटीत म्हणलं हुतं, मला येड्यांच्या डॉक्टरकडं न्यू नको. तू म्हणालीस, "गप बस." ती डॉक्टरीण शिवांजलीएवढी दिसली, मला वाटलं हिला काय कळणार. तिनं आदी रक्त तपासाय दिलं, थायरॉईड का काय ते. मग इचारलं, मी काय काम करत हुतो. सांगितलं. म्हणाली, "जनावरानं चारा सोडला तर मालकानं किती दिवस वाट बघायची?" मी म्हणलं, एक दिस बी न्हाई. तिसऱ्या दिवशी घेऊन येणाऱ्याला मी झापायचो. ती म्हणाली, "मग तुम्ही चार महिने कशाची वाट बघत होता?" मग तिनं सांगितलं, उदासवाणं सगळ्यांनाच वाटतं, पण दोन आठवड्याच्या वर रोजच तसं राहिलं, झोप, जेवण, काम सगळंच सुटत चाललं, तर तो आळस न्हवं, आजार हाय. आन मरणाचं मनात आलं तर दोन आठवडं बी थांबायचं न्हाई, त्याच दिवशी यायचं. तुझ्याकडं बघून सांगितलं. तू मान खाली घातलीस. का, ते मला तवा कळलं न्हाई.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी कळलं. पोस्टमन आला आन तू त्याच्या हातनं पत्र हिसकून घ्यायला पळालीस, पर पत्रावर नाव माझं, त्यानं दिलं न्हाई. मी वाचलं. जमिनीचं वाचलं, परदेशाचं वाचलं. तू खांबाला धरून उभी हुतीस. खरं सांगतो, हसू आलं न्हाई, पर यात हसण्यासारखं काय तरी हाय येवढं कळलं. लय दिसांनी तेवढं कळलं.

दादा


माधवनगर
४ एप्रिल

दादा,

ते पत्र फाडून टाक. नको, ठेव. मला माझी अक्कल दिसायला हवी.

मी ते पेटीत टाकून घरी आले तर शिवांजली स्वयंपाकघरात तुझं पत्र हातात घेऊन उभी. म्हणाली, "आई, मामा निरोप घेतोय आणि तू त्याच्याशी जमिनीवरून भांडतेस?" मी तिच्यावरही खेकसले. मग तिने एकेक ओळ वाचून दाखवली. निळी पिशवी. म्हशी. वहिनीला सुटल्यासारखं होईल. तीस वर्षं मुलांना उतारा वाचून अर्थ सांगा म्हणते आहे मी, आणि माझ्या भावाचं पत्र मला वाचता आलं नाही.

आधी वहिनीला फोन केला, म्हटलं त्याला एकटं सोडू नकोस, मी येते. शाळेत समुपदेशनाला एक बाई येतात, त्यांना विचारलं की मी जाऊन काय बोलू. त्या म्हणाल्या, "सरळ विचारा. मरणाचं विचारल्याने कुणी मरायला जात नाही, उलट बोलायला जागा मिळते." कराडला कंडक्टर चहाला उतरला, तर मी त्याच्यावर अशी ओरडले की अख्खी गाडी गप्प झाली. सगळ्या वाटेत तो मरणाचा प्रश्न मनात घोकत होते आणि वाटत होतं, आपल्याला तो उच्चारता येणार नाही.

वेळापत्रकही फाडून टाक. ते खरंच फाड.

गोळ्या वेळेवर घेतोस ना? वहिनीला विचारणार आहे, खोटं लिहू नकोस.

संयोगिता


मेढा
११ एप्रिल

संयू,

खोटं लिवत न्हाई. गोळ्या चार दिवसांपासनं बंद केल्यात.

महिना झाला. तोंड सुकतं, सकाळी डोकं जड, आन मन हुतं तिथंच. झोप जरा लागती, तेवढंच. भामा गोळी देऊन समोर उभी राहती, गिळली का बघायला, जसं काय मी बैल. साताऱ्याला जाऊन आल्याचं गावात कळलंय. पारावर एकजण म्हणाला, "डॉक्टर, शॉक देत्यात व्हय तितं?" आन बाकीचे हसले. जनावरांचा का हुईना, मला सगळे डॉक्टर म्हणत्यात. त्याच डॉक्टरला आता हे इचारत्यात. उद्या तुझ्या व्याह्यांच्या कानावर गेलं तर पोरीच्या लग्नात इघ्न. त्यापरास मी घरात बसतो, माझं मी बघतो.

रागावू नकोस.

दादा


माधवनगर
१५ एप्रिल

दादा,

रागावले आहे. भयंकर रागावले आहे.

गोळ्यांचा गुण यायला महिना, दीड महिना लागतो हे त्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर तुला दोनदा सांगितलं. मध्येच बंद करू नका, त्रास झाला तर मला सांगा, मी बदलून देईन, हेही सांगितलं. तू आयुष्यभर लोकांना सांगत आलास की औषधाचा डोस पुरा करा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. मग आता?

व्याह्यांना मीच सांगितलं आहे, सगळं. साखरपुड्याला तीन खोटी उत्तरं दिली होती, चौथं द्यायची ताकद माझ्यात नव्हती. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्या आईला होतं हे. आम्हाला कळेपर्यंत उशीर झाला." एवढंच. पुढे मी विचारलं नाही.

पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीबरोबर साताऱ्याला जा. नाही गेलास तर मी येते, आणि या वेळी पिशवीत पुस्तकं जास्त असतील.

संयोगिता


माधवनगर
२ जून

दादा,

लग्नाची गडबड आवरली, आता निवांत लिहिते.

एप्रिलमध्ये माझं पत्र मिळाल्यावर तू साताऱ्याला गेलास, हे वहिनीने लगेच कळवलं. गोळी बदलून दिली हे बरं झालं. दवाखान्यातल्या ज्या ताईंशी बोलायला दर आठवड्याला जातोस, त्या फार प्रश्न विचारतात अशी तुझी तक्रार आहे. विचारू देत. तेच त्यांचं काम आहे.

लग्नात तू तासभर बसलास आणि मग मागच्या खोलीत जाऊन झोपलास. आपल्या चुलत्यांनी आणि आणखी दोघा-तिघांनी नाकं मुरडली, "मामाला काय झालंय?" मी सांगितलं, "आजारी आहे, औषध चालू आहे." तेवढ्याने त्यांची तोंडं बंद झाली नाहीत, पण माझं उत्तर संपलं. शिवांजली जाताना त्या खोलीत आली होती, तू झोपला होतास. तिने तुला उठवू दिलं नाही. पाया पडून गेली.

मला एक कबूल करायचं आहे. अजूनही तू पत्राला उशीर केलास की मला आधी राग येतो आणि मग भीती वाटते. पूर्वी नुसता राग यायचा. मीही त्या समुपदेशक बाईंकडे दोनदा जाऊन आले. हसू नकोस.

संयोगिता


मेढा
२१ ऑगस्ट

संयू,

उशीर झाला, राग आन भीती दोन्ही आवर. मधी चार-पाच दिस वाईट गेले. अंथरुणातनं उठवंना. पर या टायमाला मीच भामाला म्हणलं, साताऱ्याला फोन लाव, तारीख अलीकडची घे. ताई म्हणाल्या, असं हुतं, मागं गेलं म्हणजे पयल्यापासनं सुरू असं न्हाई. मला ते पटलं न्हाई, पर गेलो.

तिथं काय झालं ते सांगतो. बाकड्यावर बसलो हुतो, तर कोपऱ्यात एकजण पेपर तोंडावर धरून बसलेला. बूट ओळखीचे वाटले. पेपर खाली आला तर आपल्या दूध डेअरीचा चेअरमन, धैर्यशील. सगळ्या मेढ्यात त्याचा आवाज घुमतो त्यो. मला बघून म्हणाला, "मेव्हण्याचं रिपोर्ट न्यायला आलोय." मी म्हणलं, बरं.

जरा वेळानं आतनं हाक आली, धैर्यशील म्हणून. त्यो उठंना. दुसऱ्यांदा आली. त्यो पेपर वाचतोय. मी म्हणलं, "जा की गड्या, तुलाच बोलवत्यात." गेला. लय वेळानं भायेर आला, डोळे लाल. माझ्याशेजारी येऊन बसला. मी इचारलं, "कवापासनं?" म्हणाला, "घरचे म्हणत्यात थोरला भाऊ गेल्यापासनं. मला वाटतं त्याच्याबी आदीपासनं. डेअरीत माणसांवर उगाच वराडतो, घरी येऊन पोत्यागत पडतो." मग म्हणाला, "आवं डॉक्टर, गावात सांगू नका." मी म्हणलं, तुझं मी सांगत न्हाई. माझं कुणी इचारलं तर मी सांगतो, आन लय इचारत्यात, काय करू?

परतीच्या एसटीत एकाच बाकड्यावर बसलो. निम्म्या वाटंत त्यानं इचारलं, "तुमची पुढची तारीख कवाची?" मी सांगितली. त्यानं फोन काढला, दवाखान्यात लावला आन माझ्याच दिवसाची तारीख घेतली.

मेढ्याच्या स्टँडवर डेअरीची चार माणसं उभी हुती. त्यानं खिडकीतनं बघितलं आन मागं सरला. म्हणाला, "तुमी पुढं उतरा, मी मागनं येतो." मी म्हणलं, "उतर की बरोबरच. कुणी इचारलं तर सांग, डॉक्टरला दवाखान्यात घेऊन गेलो हुतो."

कंडक्टर म्हणाला, "चला, उतरा." मग त्यो उठला, माझ्या पुढं झाला आन दारात उभा राहून त्यानं मला उतरायला हात दिला.

दादा